जपानची भावकी

अन्यादिके मास्तरांना जपानी येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच पुढे कोणी विचारायला नको. इग्बो त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळाली, इंग्रजी शाळेत छड्या खाऊन आली आणि पुढे मास्तर झाल्यावर छड्या देऊन पक्की झाली. जपानीचं म्हणाल, तर नायजर नदीकाठच्या ओनित्शाच्या बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना एक शब्दकोश सापडला होता आणि तोही अर्धाच. मागची पानं कुठल्याशा वडेवालीने पुड्या बांधायला वापरली असावीत. त्यामुळे मास्तरांचा सगळा सिद्धान्त अर्ध्या मुळाक्षरांवर उभा होता. उरलेल्या अर्ध्यात याहून सबळ पुरावे असणार, याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

सिद्धान्त असा, की आपण इग्बो आणि ते जपानी ही एकाच आईची लेकरं.

मास्तरांच्या उमुआगू गावात निवृत्त झालेला माणूस एक तर कोंबड्या पाळतो, नाही तर चर्चच्या कमिटीत जाऊन भांडतो. मास्तरांना हे खूळ लागलं ते निवृत्तीच्या कितीतरी आधी, आणि लागलं ते टीव्हीमुळे. कुटलेल्या यामचा गोळा कडूपाल्याच्या आमटीत बुडवून ते तोंडाकडे नेत होते, पडद्यावर जपानी मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना चालला होता, आणि समालोचक ओरडला, "चिका!" आता चिका ही मास्तरांची मुलगी. ती तिथेच बसून गृहपाठ करत होती. तिने मान वर करून "काय?" असं विचारलं. मास्तरांचा हात काही तोंडाशी पोचला नाही. आमटी कोपरापर्यंत ओघळली. देव सर्वांहून मोठा, असा त्या नावाचा अर्थ. बारशाला फादरांच्या मांडीवर पोर ठेवून त्यांनी ते ठेवलेलं. आणि तेच नाव, इतके समुद्र ओलांडून पलीकडे, दुसऱ्या कुठल्या बापाने आपल्या मुलीला ठेवलं होतं. "अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत," असं ते पुढे वर्षानुवर्षं सांगत, आणि सांगताना बाही वर करून तो काटा दाखवत. गंमत म्हणजे तो दर वेळी खरोखरच आलेला असे.

मग पुरावे गोळा होऊ लागले. भाड्याच्या मोटरसायकलीला आपण ओकादा म्हणतो, जपानात ओकादा नावाची घराणीच्या घराणी आहेत. 'आका' म्हणजे आपल्यात हात, त्यांच्यात लाल. "हात कापला तर काय निघतं?" मास्तर विचारत. 'इके' म्हणजे आपल्यात बळ, त्यांच्यात तळं. "पाण्याला बळ नसतं, असं नायजरच्या काठी उभं राहून म्हणून दाखवा." 'ओबी' म्हणजे आपल्यात काळीज आणि त्यांच्यात कमरेचा पट्टा. इथे कोणी हसलंच, तर मास्तर शांतपणे म्हणत, "चार बोटांचा फरक आहे. इतक्या पिढ्या, एवढा प्रवास. चार बोटं खाली घसरणारच."

इतकं होतं तोवर ठीक होतं. खूळ घरातल्या घरात राहिलं, तर ते बायकोने सोसायचं असतं, आणि अनुलीबाईंनी ते सोसलंही होतं. पण एका नाताळात मास्तरांनी भावकीच्या बैठकीत भाषण केलं.

उमुआगूची भावकी म्हणजे दोन आळ्या. मूळपुरुषाला मुलगे तीन. थोरल्याची वरची आळी, मधल्याची खालची आळी, आणि धाकटा नदीवर व्यापाराला म्हणून गेला तो परत आला नाही, एवढंच म्हातारी माणसं सांगत आलेली. मास्तरांचं भाषण रंगात आलं असताना सिप्रियन उठला. सिप्रियनचं औषधांचं दुकान आहे, तो भावकीचा चिटणीस आहे, आणि कोणाचंही चांगलं चाललेलं त्याला बघवत नाही. तो म्हणाला, "मास्तर, ते हात आणि रक्त सगळं कळलं. पण इथून जपानला गेलं कोण, तेवढं सांगा."

आता इथे माणसाने "तो संशोधनाचा विषय आहे" असं म्हणून पाणी प्यावं. पण समोर शंभर माणसं, शेवटच्या रांगेत बायकासुद्धा उभ्या. मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "आपला धाकटा कुठे गेला असेल, असं तुम्हाला वाटतं?"

मास्तर स्वतःच गारठले, कारण ते तोंडातून निघेपर्यंत त्यांनाही ते सुचलेलं नव्हतं. आणि इचिए अनुनोबी, म्हणजे भावकीतले सर्वांत वडील, ज्यांच्यापुढे सिप्रियनही हळू बोलतो, त्यांनी तपकिरीची डबी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. त्या धाकट्याची आई मरेपर्यंत वाटेकडे बघत बसली होती, असं त्यांनी त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

"म्हणजे पोरगा पोचला म्हणायचा," इचिए म्हणाले.

यावर कोण काय बोलणार? जपान ही उमुआगूची तिसरी शाखा असल्याचा ठराव तिथल्या तिथे मंजूर झाला. आणि शाखा म्हटली की वाटा आला. लग्नाकार्यात, मर्तिकाला बोकड कापला की त्याचे दोन वाटे होत, ते तीन होऊ लागले. जपानहून कोणी मांस न्यायला येणार नाही हे उघड होतं. तेव्हा त्या शाखेचे इथले प्रतिनिधी म्हणून तो वाटा मास्तरांच्या घरी जाई. मास्तर तो संकोचाने घेत आणि चवीने खात. सिप्रियन एकदा अनुलीबाईंना म्हणालाच, "वहिनी, जपानची तब्येत सुधारलेली दिसते."

आणि मग एक दिवस चिकाचा लागोसहून फोन आला. ती तिथे विजेच्या कंपनीत इंजिनियर, वय तिशीच्या पुढे गेलेलं. "लग्नाचं काय?" हा प्रश्न अनुलीबाईंनी देवाला, फादरांना आणि शेजारणींना विचारून झालेला. चिका म्हणाली, "आई, नाताळात एकाला घेऊन येतेय. त्याचे वडीलही येताहेत, दार ठोठावायला, रीतसर मागणी घालायला. नाव शुन्जी कुसाका."

मास्तरांनी फोन अनुलीबाईंच्या हातातून घेतला नाही, ओढला. "कुठला म्हणालीस?"

"जपानचा, बाबा."

मास्तर अंगणात गेले आणि बराच वेळ आंब्याखाली नुसते उभे राहिले. परमेश्वर माणसाची मेहनत वाया जाऊ देत नाही, असं त्यांना वाटलं. शब्द गोळा करत बसलो, आणि त्याने चालतंबोलतं माणूसच पाठवलं. अनुलीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "चिकाचे बाबा, मुलगी त्या मुलाशी लग्न करतेय, तुमच्या सिद्धान्ताशी नाही. आल्या आल्या त्याला हात कापला तर काय निघतं, असं विचारू नका."

बातमी दुपारपर्यंत दोन्ही आळ्यांत पोचली. पहिला आला तो सिप्रियन. त्याने खुर्ची ओढली, पाणी मागितलं, ते सावकाश प्यायला, आणि म्हणाला, "मास्तर, अभिनंदन. एवढंच विचारायला आलो. तो मुलगा चिकाचा कोण लागेल? काका की चुलतभाऊ?"

मास्तर हसले. मग त्यांचं हसू जरा लांबलं आणि तिथेच राहिलं.

उमुआगूत सोयरीक जमवायची म्हणजे आधी चौकशी. मुलाच्या घरात कोणाला वेड होतं का, चोर कोणी निघाला का, हे नंतर. पहिला प्रश्न एकच: रक्त कुठे जुळत तर नाही ना? भावकीत लग्न नाही. दहा पिढ्या मागे जुळलं तरी नाही. धर्म बदलला, पोषाख बदलला, पण याला कोणी हात लावलेला नाही. आणि जपान ही उमुआगूची तिसरी शाखा आहे, हे भावकीने एकमताने मान्य केलेलं होतं. सूचक, अन्यादिके मास्तर.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," अनुलीबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी भांडी अशी काही आपटली की सिप्रियनने उरलेलं पाणी न पिताच निरोप घेतला.

मास्तर धावत इचिएंकडे गेले. इचिए फणसाच्या सावलीत बसले होते. ते ओरडले नाहीत, रागावले नाहीत, म्हणून तर जास्त भीती वाटली. मास्तरांना नावाने हाक मारून ते म्हणाले, "बोनिफेस, इतक्या पिढ्यांनी धाकट्याचा नातू घरी येतोय. मला रात्री झोप नाही, एवढा आनंद झालाय. त्याला पोटाशी धरीन. पण मुलगी त्याला कशी देऊ? बहीण आहे ती त्याची."

"इचिए, तो सिद्धान्त... म्हणजे त्यात काही त्रुटी आहेत."

"कुठल्या?"

आणि इथून मास्तरांच्या आयुष्यातला सर्वांत अपमानाचा आठवडा सुरू झाला. स्वतःचा सिद्धान्त खोटा पाडायला ते दारोदार फिरले, आणि दारोदार हरले. दुसऱ्या कोणाशी वाद घालताना माणूस थोडा तरी टिकतो. इथे समोर त्यांचेच मुद्दे त्यांच्याच आवाजात उभे होते. 'आका'चा अर्थ जुळत नाही, असं त्यांनी वरच्या आळीतल्या सुताराला सांगितलं. सुताराने रंध्यावरून मान वर केली नाही. "मास्तर, हात कापला तर काय निघतं?" पट्टा आणि काळीज यांचा काही संबंध नाही, असं त्यांनी चर्चच्या पायरीवर सांगितलं, तर बायकांनी एका सुरात "चार बोटं" असं म्हणून त्यांना गप्प केलं. शेवटी ते जीवावर उदार होऊन म्हणाले, की अहो, मला जपानी येतच नाही. तेव्हा त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांची समजूत घातली, की सर, तुम्हाला नम्रपणाची सवयच आहे. आयुष्यभर मास्तरांना वाटत आलं होतं, की वर्गात आपलं कोणी ऐकत नाही. ऐकत होते सगळे.

कागदोपत्रीही वाट नव्हती. ठराव मागे घ्यायचा तर तिन्ही शाखांची संमती हवी, असं सिप्रियनने नियम काढून दाखवलं. तिसऱ्या शाखेचे प्रतिनिधी मास्तर. पण मास्तर वधूपिता, म्हणजे त्यांचा स्वार्थ गुंतलेला, म्हणून त्यांना मत नाही. "तिसऱ्या शाखेचा वडीलधारा माणूस येतोच आहे नाताळात," सिप्रियन म्हणाला, "त्यालाच विचारू. तोवर पीटरकडच्या बारशाचा बोकड आहे, तुमचा वाटा पाठवू का?"

मास्तरांनी तो परत पाठवला. उमुआगूत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेवढ्यावरून लोकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

चिका दोन दिवस आधी एकटीच आली. हवा धुळीने पांढरी झालेली, तिच्या केसांवरही धूळ होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि आई रडत होती म्हणून ती रडली नाही. मास्तर कपाटाकडे तोंड करून उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "तो आमच्या कंपनीत आला तेव्हा त्याच्याबरोबर कोणी जेवायला बसत नव्हतं. त्याला इंग्रजी धड येत नाही, तो बोलत नाही, हसत नाही. मी जाऊन बसले. का माहितेय? लहानपणापासून तुम्ही सांगत आलात, की ती आपलीच माणसं. मला वाटलं, आपलाच आहे, बसू की शेजारी. एवढ्यावर सगळं झालं."

मास्तर कपाटाची कडी उगाच लावत-काढत राहिले.

"आता तुम्हीच सांगा, तुमचं खरं की खोटं. खरं असेल तर मी परत जाते. खोटं असेल, तर इतकी वर्षं मला सांगितलंत कशाला?"

याचं उत्तर त्या अर्ध्या शब्दकोशात नव्हतं, आणि पुढची पानं असती तरी त्यांतही नसतं. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांतली धूळ त्यांच्या तळव्याला लागली. ते म्हणाले, "जेवून घे."

ठोठावण्याच्या दिवशी मास्तरांच्या अंगणात मंडप पडला. दोन्ही आळ्यांतली झाडून सगळी माणसं हजर. एरवी मुलगी बघायला वीस जण येतात, पण इथे घराण्याचा हरवलेला वारस येणार होता. पाहुण्यांची गाडी आली, शुन्जी उतरला, आणि मागून थोरले कुसाका. लहानसे, वाळके, काळ्या सुटातले. त्यांच्या गावाकडे सफरचंदाची बाग आहे म्हणे, आणि बायको गेल्याला बराच काळ लोटला. त्यांनी उतरल्या उतरल्या मास्तरांना कमरेत वाकून नमस्कार केला. मग इचिएंना, मग अनुलीबाईंना. दारातल्या बोकडालाही केला, असं सिप्रियन नंतर सगळीकडे सांगत सुटला, पण ते खरं नाही. बोकड मास्तरांच्या मागे उभा होता.

शुन्जीने पाठ करून आणलेलं वाक्य इग्बोत म्हटलं, की तुमच्या अंगणात एक फूल दिसलं, ते मागायला आलोय. बायकांना गहिवरून आलं. सगळे इचिएंकडे बघत राहिले.

इचिएंच्या समोर लाकडी ताटात कोलाफळ होतं. बोटाच्या पेराएवढी ती कडू बी, पण ती फोडल्याशिवाय उमुआगूत कोणत्याच गोष्टीला तोंड फुटत नाही. वडील माणसाने ती हातात घेऊन पूर्वजांना हाक मारायची, प्रत्येक ओळीला सगळ्यांनी 'ईसे' म्हणायचं, म्हणजे तसंच होवो, आणि मग फोडून वाटायची. इचिएंनी ती उचलली आणि बोलायला लागले.

"कोलाला परकी भाषा कळत नाही. हे मी सांगत नाही, आपले आजे-पणजे सांगत आले. बिशप आले होते, त्यांना कोलावर इंग्रजीत आशीर्वाद द्यायचा होता. आपण देऊ दिला नाही. मंत्री आला, त्यालाही नाही. तर आज मी असं ठरवलंय. या थोरल्या पाहुण्याने कोला हातात घ्यावा आणि स्वतःच्या भाषेत बोलावं. कोलाने ऐकलं, तर हा आपल्या धाकट्याचा वंश, आपलं रक्त. मुलगी जाणार नाही. मुलाने भाऊ म्हणून घरात यावं. नाही ऐकलं, तर परका. मग लग्नाचं बोलू."

"पण इचिए, त्याने ऐकलं की नाही, हे कळायचं कसं?" सिप्रियनने विचारलं.

"माझ्या हाताला कळेल. आयुष्य गेलंय यात."

मास्तर जागच्या जागी हात जोडून बसले. देवा, ते मनात म्हणाले, माझं सगळं खोटं पाड. एक अक्षर जुळू देऊ नकोस. जन्मभर ज्याच्यासाठी जागलो, ते आज या अंगणात मातीला मिळव, आणि माझ्या पोरीला जाऊ दे.

शुन्जीने वडिलांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. किती कळलं कोण जाणे. थोरले कुसाका उठले. त्यांनी आधी बूट काढले आणि पांढऱ्या मोज्यांनिशी लाल मातीत उभे राहिले. वरच्या आळीतून कुजबुज झाली, कारण कोला फोडताना इचिएही चपला काढतात. आजच्या पोरांपैकी कोणी काढत नाही. मग त्या जपानी म्हाताऱ्याने समोरचा ताडीचा पेला उचलला, आणि स्वतः ओठ लावण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडले. हे त्याला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. शुन्जी पाहत होता, तोही दचकला. मातीखालच्या माणसांना आधी, मग आपण. उमुआगूत तान्ह्या पोरालाही हे माहीत असतं. मास्तरांनी इतके शब्द जुळवले, पण हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग त्याने कोला दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि बोलू लागला.

आवाज हळू होता. शब्द एकही कोणाला कळला नाही. पण ओळ कुठे संपते ते कळत होतं. हाक कुठे मारली, कुठे विनवलं, कुठे थांबला, सगळं कळत होतं. आपला आजा असाच थांबे, असं प्रत्येकाला वाटलं. धुळीतून ऊन गाळून येत होतं. म्हातारा एका ओळीशी थांबला, आणि त्या शांततेत मंडपाच्या मधोमध कोणीतरी म्हणालं, "ईसे."

तो सिप्रियन होता. त्याने लगेच तोंडावर हात धरला, पण फार उशीर झाला होता. पुढच्या ओळीला पाच-सहा जण म्हणाले. त्याच्या पुढच्या ओळीला अख्खा मंडप. बायका म्हणाल्या, पोरं म्हणाली, स्वयंपाकघरातून अनुलीबाई पळी हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्याही म्हणाल्या. मास्तरांनी ओठ घट्ट मिटून धरले होते, तरी ते आतून आलंच. अशा वेळी माणूस स्वतःचा राहत नाही. मास्तरांना वाटलं, हे बघायला जगलो. आणि लगेच दुसरं वाटलं, की पोर गेली हातची.

म्हाताऱ्याने कोला इचिएंच्या हातावर ठेवला. इचिएंनी मूठ मिटली.

"ऐकलं," ते म्हणाले.

चिका मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती, नुसती बापाकडे बघत होती, आणि ते बघणं मास्तरांना सोसेना. जन्मभराचं त्यांचं म्हणणं चारचौघांत खरं ठरलं होतं आणि त्यांना कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

"तो काय म्हणाला?" इचिएंनी शुन्जीला विचारलं.

शुन्जीने घसा साफ केला. तो मोडक्या इंग्रजीत बोलला, चिका इग्बोत सांगत गेली, मध्येच तिचा आवाज फाटला तरी सांगत गेली. "तो माझ्या आईशी बोलत होता. ती गेलेली आहे. म्हणाला, मी अशा गावी आलोय, जिथे मला कोणी ओळखत नाही आणि मी कोणाला ओळखत नाही. मग तुमच्या माणसांशी बोलला. इथल्या मातीखालच्या माणसांशी. म्हणाला, मी तुमचा कोणी लागत नाही. माझा तुमच्यावर काही हक्क नाही. परक्याने दारात उभं राहून मागावं, तसं मागतोय. तुमची मुलगी आमच्या घरी आली, तर तिला मी परकं वाटू देणार नाही."

इचिएंनी डोळे मिटले. कोणाला वाटलं, झोपले की काय. मग ते म्हणाले, "भाऊ दारात उभा राहून मागतो का? भाऊ सरळ आत येतो आणि काय शिजलंय ते झाकण उचलून बघतो." कोणीतरी हसलं. इचिए हसले नाहीत. "हा परका आहे. कोलासमोर स्वतःच्या तोंडाने बोललाय, आणि कोलासमोर खोटं बोलून कोणी धड राहिलेलं मी पाहिलं नाही. आपलं रक्त नाही हे. लग्नाचं बोला."

मंडपातून एक लांब सुस्कारा निघाला. पण सिप्रियन चिटणीस होता, त्याला ते नोंदवायचं होतं. तो म्हणाला, "इचिए, माफ करा, पण परक्याची भाषा होती, तर कोलाने ऐकली कशी?"

"मला माहीत नाही," इचिए म्हणाले. एवढ्या वयात त्यांना असं म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी मूठ उघडून त्या बीकडे पाहिलं, लहान मूल नवीन वस्तूकडे बघतं तसं. "त्याला परकी भाषा कळत नाही, असं आपणच म्हणत आलो. त्याला कोणी विचारलं होतं?"

मग त्यांनी कोला फोडला, तुकडे ताटात ठेवले, आणि म्हणाले, "बोनिफेस, तुझा ठराव राहिलाय."

मास्तर उठले. समोर तीच शंभर माणसं, शेवटच्या रांगेत बायकासुद्धा. त्यांनी चष्मा काढला. "जपानची माणसं आपली भावकी नाहीत," ते म्हणाले. "कधीच नव्हती. मी मांडलं ते चूक होतं. थोरल्या कुसाकांनी सांगितलंच आहे, त्यांची संमती धरावी." ते बसायला वळले, आणि मोज्यांनिशी मातीत उभा असलेला तो म्हातारा त्यांना दिसला. काय चाललंय ते त्याला काडीचंही कळत नव्हतं, पण तो मास्तरांचं बोलणं मान झुकवून ऐकत होता. मास्तर परत फिरले. "भावकी नाहीत. आजपासून सोयरे आहेत. सिप्रियन, हे पण लिही."

"पुरावा?" सिप्रियनने सवयीने विचारलं.

मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुरावा दिला नाही. त्यांनी थोरल्या कुसाकांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि खांबाकडे बघून म्हणाले, "चिका, ताडीचा पेला भर. कोणाला द्यायचा ते तू ठरव."

मुलगी ज्याच्या हाती पेला देते, तोच तिचा नवरा, अशी उमुआगूची रीत. चिकाने ठरवलेलंच होतं. पेला हातात घेऊन ती निघाली तेव्हा मंडपातल्या माणसांनी तिला वाट करून दिली, आणि सिप्रियनने मान खाली घालून, काही न विचारता, लिहून घेतलं.